विटांवरचा गोडलिंब

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला वानखडेबाई न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून अंगणात यायच्या, पदर खोचायच्या आणि आपल्या सतरा कुंड्या एकेक करून अर्धी फेरी फिरवायच्या. दोन्ही हातांनी कडा धरायच्या, जरा उचलल्यासारखं करायचं, फिरवायचं, की पुढची कुंडी. शेवटी कोपऱ्यातलं निळं पिंप. मधोमध कापलेलं, मातीने गच्च भरलेलं, आणि त्यात त्यांचा गोडलिंब. आम्ही त्याला कढीपत्ता म्हणतो. त्या पिंपाला मात्र मिठीच मारावी लागे. गाल टेकवून, डोळे मिटून त्या जोर लावायच्या आणि पिंप विटांवर करकरत फिरायचं. नवीन कुणी पाहिलं तर त्याला वाटे, झाडाला सगळ्या बाजूंनी ऊन लागावं म्हणून बाई हे करत असतील. तसं नव्हतं. तो आमच्या घराचा नियम होता, आणि तो माझ्या अक्षरात लिहिलेला होता.

आमचं घर हडपसरच्या जुन्या गावठाणाला लागून. माझे सासरे, आबा, अस्सल शेतकरी. कालव्यापर्यंत आपला ऊस उभा असायचा, असं ते येईल त्याला सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यातलं बरंच उरलं होतं. पुढे घरामागची चार गुंठे काळी जमीन तेवढी राहिली. तिच्यात गाजरगवताशिवाय काही उगवत नसे, पण तिच्यावर आबांची नजर चोवीस तास. खालच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने द्यायचो. करार अकरा महिन्यांचा, ऑनलाइन व्हायचा, मशीनवर अंगठा टेकवला की झालं. आबांचा त्या मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा एक जादा कागद असे. मी शाळेत मराठी शिकवायचे, अक्षर वळणदार, म्हणून तो लिहिण्याचं काम माझ्याकडे. ‘भाडेकरूने आवारातील जमिनीत कोणतेही झाड, रोप वा वेल लावू नये. कुंड्या ठेवल्यास विटांवर ठेवाव्यात व त्यांचे मूळ जमिनीत उतरू देऊ नये.’ भाषा माझी, भीती आबांची.

भीतीला कारण होतं. आबांच्या वडिलांनी ओढ्याकाठचं एक वावर एका माणसाला कसायला दिलं होतं. त्याने बांधावर पाच आंबे लावले. कूळकायदा आला तेव्हा अधिकाऱ्यासमोर त्याने त्या आंब्यांकडे बोट केलं, आणि वावर त्याच्या नावावर गेलं. त्या माणसाने तिथे वीस वर्षं घाम गाळला होता हे आबा सांगत नसत. ते मला सासूबाईंकडून कळलं. आबांनी यातून काढलेला धडा एवढाच होता: “झाड लावलं का मानूस रुजतो.” बाकीची सगळी जमीन मात्र आबांनी स्वतःच एका सकाळी बिल्डरला लिहून दिली. त्या बिल्डरने आमच्या बांधावर साधी तुळसही लावली नव्हती. हे मी एकदा जेवताना बोलून गेले, तर पुढचे दोन दिवस आबांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

वानखडे आले ते मे महिन्यात, भर दुपारी, टेम्पोतून. अमरावतीकडच्या खेड्यातली माणसं. ते इथल्या एका कारखान्यात पाळीवर होते आणि पुण्यातलं हे त्यांचं चौथं भाड्याचं घर. टेम्पोतून आधी कुंड्या उतरल्या, मग कपाट, मग वानखडे. कुंड्या म्हणजे तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एका शिट्टी नसलेल्या कुकरमध्ये कोरफड. गोडलिंब त्या वेळी हातभर उंचीचा होता, एका पत्र्याच्या डब्यात. तो बाईंनी टेम्पोत ठेवलाच नव्हता; मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या.

“आईच्या परसातला हाय,” त्या मला म्हणाल्या. “निघताना तिनं दिला. म्हने, आपल्या जागेत लावजो. आई गेली, परसातलं झाडबी गेलं. आता हाच.”

आबा जिन्यात उभे. मी कागद वाचून दाखवला. आधीचे भाडेकरू हे कलम ऐकून हसायचे, नाहीतर तोंड वाकडं करायचे. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“बरोबर हाय जी. मुळाले काय समजते, कोनाची जागा आहे ते? आपल्यालेच पाहा लागते.” मग आबांकडे वळून, “विटा तुमी देता का आमी आनू?”

आबांनी मागच्या भिंतीलगतच्या विटा दाखवल्या.

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हाताची बोटं मातीने कायम भेगाळलेली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या असून मला ताई म्हणायच्या. मी त्यांना वानखडेबाई म्हणायचे. त्यांचं नाव प्रमिला होतं. नऊ वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नाही. बोलणं कमी, पण झाडांचा विषय निघाला की एखादं वाक्य असं टाकायच्या की मी पुढे ते वर्गात वापरायचे. “कुंडीतल्या झाडाले मानूस लागते, जमिनीतल्याले नुसतं आभाळ.” “भाड्याच्या घरी झाडानं आपल्यासारखंच राहावं. हाक आली का उठता आलं पाहिजे.” आणि दर दोन वाक्यांनी ‘आपली जागा’. आपली जागा झाली का हे करू, आपली जागा झाली का ते लावू. वानखडे उरुळीच्या पुढे कुठेतरी अर्धा गुंठा बघत होते. दर दिवाळीला तो अर्धा गुंठा जरा आणखी पुढे सरकायचा. मी हूं हूं करायचे. खरं सांगायचं तर त्यांची जागा होईल असं मला कधी वाटलंच नाही. ज्यांच्याकडे जमीन असते त्यांना ती दुसऱ्याला मिळेल हे सहसा वाटत नाही.

उन्हाळा आला की त्यांचे हाल बघवायचे नाहीत. त्यांचे म्हणजे बाईंचे. झाडांचे हाल त्या होऊ देत नसत. सकाळी कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला, दुपारी पाण्याच्या टाकीखाली, चार वाजता जिन्याच्या सावलीत. सावली सरकेल तशी बाई सरकायच्या. डब्यांना ओली गोणपाटं गुंडाळायच्या. मी म्हटलं, “तुम्ही विदर्भातल्या, तुम्हाला आमच्या पुण्याच्या उन्हाचं काय एवढं?”

“मानसाचं काही नाही जी. पन कुंडीच्या पोटात पानी तापते, मुळं शिजतात. हात घालून पाहा.”

मी बोट खुपसलं आणि लगेच काढून घेतलं. माती चटका देत होती. तिथून दहा पावलांवर आमची काळी जमीन गवताखाली गार पडली होती. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मेमध्ये त्यांचे दोन गुलाब गेले. मी वर जाऊन पन्हं केलं आणि त्यांना पेलाभर नेऊन दिलं. पन्हं देणं मला जमत होतं.

एका पावसाळ्यात त्यांच्या डब्यातलं मिरचीचं बी उडून आमच्या जमिनीत पडलं आणि गाजरगवतात मिरचीची चार रोपं उभी राहिली. कुंडीतल्या मिरच्या करंगळीएवढ्या, या बोटभर लांब. बाई ओंजळभर मिरच्या घेऊन वर आल्या.

“ताई, तुमच्या जमिनीत मिरची झाली. तोडून आनली.”

“अहो, बी तुमचंच ना? ठेवा तुम्हाला.”

“असं कसं? तुमच्या जमिनीत उगवलं, तुमचं आहे.”

आणि पावसाळाभर त्या आमच्या मिरच्या आम्हाला पोचवत राहिल्या. स्वतः मंडईतून विकत आणायच्या. आबांनी त्या मिरच्यांचा ठेचा भाकरीबरोबर खाल्ला, नाक पुसलं आणि म्हणाले, “बाई इमानी हाय. म्हंजी आनखी ध्यान ठिवाय पायजे.” पण त्या दिवसापासून ते जिन्यात येऊन बसायचे ते पहारा करायला नव्हे. बाई कुंड्या फिरवायच्या आणि आबा वरून सांगायचे, त्या तगरीला शेणखत घाला, त्या लिंबाचा शेंडा खुडा. बागायतदार माणूस, हाताला काम नव्हतं. एकदा मी त्यांना मिरचीच्या रोपांना भर देताना पाहिलं. मला बघून ते उठले आणि म्हणाले, चप्पल पडली होती.

आबा पाचव्या वर्षी गेले. बारा दिवस बाईंनी आमच्याकडे भाकऱ्या पोचवल्या. नंतर करार नवा करायची वेळ आली तेव्हा मी यांना विचारलं, “तो जादा कागद आता कशाला?” हे म्हणाले, “असू दे गं, आबांच्या वेळचं आहे. त्याने कुणाचं काय अडतंय?” मी पुन्हा तेच कलम लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. का लिहिलं? सवयीने. याहून बरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

अशाच एका रविवारी मी गच्चीतून कपडे काढून खाली आले तर बाई पिंपाशी जमिनीवर आडव्या झालेल्या. मला वाटलं, पडल्या. जवळ गेले तर त्यांच्या हातात शिवणाची कात्री. पिंपाच्या बुडाला त्यांनी तापल्या सळईने भोकं पाडली होती, पाणी जायला. एका भोकातून दोन विटांच्या मधल्या फटीत पांढरंशुभ्र, कोवळं मूळ लोंबत होतं. जमीन त्याच्यापासून बोटभर दूर राहिली होती.

“पाहा,” त्या म्हणाल्या, “फिरवून बी नाही ऐकत. दर रविवारी कापते, दोन दिवसांनी पुन्हा निघते. याले वास येते जमिनीचा.” आणि कच्चकन ते कापलं. मग त्या टोकाकडे पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. कात्री पदराला पुसली.

मी म्हणाले, “अहो, आता आबा नाहीत. एखाद्या रविवारी नाही फिरवलं तर काय होणार आहे?”

“आबा नाहीत म्हनून शब्दबी नाही काय?” त्या उठून बसल्या. “अन् इथं उतरला तं मग माझ्यासंगं कसा येईन, ताई? आपली जागा झाली का याले एकदाच सोडते. मग कितीबी खाली जा म्हनते, बाप्पा.”

हे त्यांनी मला सांगितलं होतं. अगदी स्वच्छ सांगितलं होतं. मी ते ‘आपली जागा’च्या नेहमीच्या गोष्टींत जमा केलं आणि कपड्यांच्या घड्या करायला वर गेले.

नवव्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. दुखणं साधं नाही हे कळेपर्यंत आषाढ उजाडला. वानखड्यांची पाळी, घरात करणारं कुणी नाही. अमरावतीला दिलेली लेक येऊन आईला घेऊन जाते म्हणाली, तिथेच उपचार करू. निघायच्या आदल्या दिवशी बाई जिना चढून वर आल्या. तीनदा थांबल्या.

“पानी हे घालतीन. पन ह्यांचा रविवार कधी पाळीत जाते. तेवढा गोडलिंब फिरवाल काय, ताई?”

मी म्हटलं, “फिरवते की. त्यात काय!”

पहिल्या रविवारी मी गेले. त्यांच्यासारखीच मिठी मारली. पिंप हलेना, इतकं काही जड असेल असं वाटलं नव्हतं. मी पुन्हा जोर लावणार तेवढ्यात त्या पांढऱ्या टोकाची आठवण झाली. मी हात सोडले. ही बाई नऊ वर्षं आमच्या दारात एका झाडाचं मूळ कापत बसली, का, तर मी एक वाक्य लिहिलं होतं. आता पुरे, असं मला वाटलं. उतरू दे. बाई बऱ्या होऊन येतील तेव्हा झाड जमिनीत असेल, आणि मी त्यांच्या हातात नवा कागद ठेवीन. त्याच दुपारी मी तो लिहिला: ‘भाडेकरूस आवारातील जमिनीत झाडे लावण्यास मालकांची कोणतीही हरकत नाही.’ यांची सही घेतली. कागद लोखंडी कपाटात ठेवला.

त्याच संध्याकाळी फोन आला. “फिरवला काय, ताई?”

मी म्हणाले, “फिरवला.”

मग दर रविवारी तो फोन. तब्येतीचं विचारलं तर “हाय तसंच” म्हणायच्या, आणि लगेच, “फिरवला काय?” “फिरवला.” कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण मला तो कागद त्यांच्या हातात द्यायचा होता, त्यांचा चेहरा बघायचा होता. नुसतं फोनवर सांगणं मला कमी वाटलं. बाईंचा आवाज आठवड्याआठवड्याला बारीक होत होता आणि मी आपली समारंभाची वाट बघत होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्या म्हणाल्या, “तुमाले लय तरास झाला. पन तुमी फिरवता ना, मले काळजी नाही.” पुढच्या रविवारी फोन आला तो त्यांच्या लेकीचा. बाई सकाळी गेल्या होत्या.

वानखड्यांनी खोल्या सोडल्या त्या फेब्रुवारीत. टेम्पो दारात आला आणि ते एकेक कुंडी उचलून ठेवू लागले. मी गॅलरीत उभी. शेवटी ते पिंपाशी गेले. गोडलिंब तोवर पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला होता. त्यांनी पिंप धरलं, हलेना. टेम्पोवाल्याला बोलावलं, दोघांनी जोर लावला, हलेना. ते वाकले आणि मोबाइलचा उजेड पाडून खाली बघितलं. मी जिना उतरले.

अंगठ्याएवढी तीन मुळं पिंपातून थेट जमिनीत गेली होती.

“मी फिरवला नाही,” मी म्हणाले. “एकदाही नाही. त्यांना मी दर रविवारी खोटं सांगितलं.” आणि मग कपाटातला तो कागद, आबा, पांढरं मूळ, सगळं एका दमात सांगून टाकलं.

वानखडे विटेवर बसले. मग म्हणाले, “जागा झाली ना, ताई. दसऱ्याले. अर्धा गुंठा. तिले मी दवाखान्यात कागद दाखवला होता. पत्र्याची खोली टाकतो आहे. तिनं सांगतलं, पहिलं झाड हेच लावजा.”

मी नर्सरीवाल्याला बोलावून आणलं. त्याने खाली डोकावलं, खोडाला हात लावला आणि म्हणाला, पिंपातलं मूळ आता नावापुरतं आहे, झाड जगतंय ते खालच्या मुळांवर. ती तोडून तोंडावर आलेल्या उन्हाळ्यात नेलं तर आठवडाही काढणार नाही. मी म्हटलं, मशीन आणू, चार फूट खणून मातीसकट काढू, लागेल ते करू.

“राहू द्या,” वानखडे उठले. “तिले सांगतलं असतं ना तुमी, उतरला म्हनून, तं लय खूश झाली असती बाप्पा. इथं म्हना का तिथं.” त्यांनी पँटची माती झटकली. “अन् आता तिले विचारलं असतं तं काय म्हनली असती, तुमाले माहीत आहे. तुमच्या जमिनीत उगवलं, तुमचं आहे.”

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी पेलला असता, आमच्या पुण्यात त्याची सवय असते. ते नुसतं खरं बोलले आणि टेम्पोत पुढे जाऊन बसले. मांडीवर काही नव्हतं.

आबांचं म्हणणं असं खरं झालं. फक्त मूळ धरलं ते भाडेकरूने नाही. आम्हीच भाडेकरूचं झाड आमच्या नावावर करून घेतलं. आणि हे मी प्रेमाने केलं, हे मला कुणाला सांगताही येत नाही. दुसऱ्याला काय हवंय हे त्याने नऊ वर्षं सांगूनही आपल्याला कळत नसेल, तर त्याला प्रेम तरी कसं म्हणायचं?

यंदा पावसात त्या झाडाची काळी फळं खाली पडली आणि रोपं आली. त्यातलं एक मी कुंडीत लावलं आहे. कुंडी विटांवर ठेवली आहे. दर रविवारी फिरवते, बुडाखाली बघते, मूळ दिसलं तर कापते. कापताना दर वेळी हात थांबतो. वानखड्यांना फोन केला की ते म्हणतात, “येतो जी, येतो.” अजून आले नाहीत. रोप हातभर झालं आहे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या आषाढातल्या रविवारी. रिक्षा दारात होती. लेकीने पिशव्या ठेवल्या, बाईंना धरून बसवलं. रिक्षा फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बाई उतरल्या. आम्हाला वाटलं, काही विसरलं. भिंतीला हात लावत लावत त्या कोपऱ्यात गेल्या, पदर खोचला आणि पिंपाला मिठी मारली. गाल टेकवला, डोळे मिटले. अंगात काही उरलं नव्हतं, तरी पिंप विटांवर करकरत फिरलं, पुरती अर्धी फेरी. मग त्या तशाच, झाडाला धरून, श्वास घेत उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

“आजचा झाला,” त्या म्हणाल्या. “आता पुढचे तुमी.”

आणि मी म्हणाले, “अहो, निघा आता, रिक्षावाला खोळंबलाय.”